तिसरी हाक

खांडबाऱ्याच्या स्टेशनात तारबाबू म्हणून रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी मी लोटा घेऊन विहिरीवर गेलो, तर एक म्हातारा कठड्यावर पोट टेकवून, मान आत घालून ओरडत होता. आत कुणी पडलंय की काय, या भीतीनं मी धावलो. आत पाण्याशिवाय काही नव्हतं. म्हाताऱ्यानं एक लांबलचक ‘आऽऽ’ सोडला, आतून काय परत येतं ते कान देऊन ऐकलं, मग मान बाहेर काढून मला अगदी गंभीरपणे सांगितलं, “आज चौदा आना शे.”

हे सुपडू नाना. स्टेशनचे पोर्टर. वय पंचावन्नच्या पुढे, खरं किती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. अंगानं वाळकुडे, मिशा पांढऱ्या, आणि गळ्याभोवती बायकोच्या जुन्या लुगड्याचा हिरवा गळपट्टा. तो गळपट्टा वैशाखातही सुटायचा नाही. बाकी अंगावर फाटकी बंडी असली तरी चालायची, पण गळा उघडा दिसला तर त्यांना कुणी नागवं पाहिल्यासारखी लाज वाटायची.

सोळा आणे म्हणजे पंचविशीतला भरलेला आवाज. त्यातले किती शिल्लक आहेत याची खबर नाना रोज सकाळी विहिरीला विचारायचे आणि जो पहिला भेटेल त्याला सांगायचे. बहुतेक वेळा तो पहिला मीच. लोक सकाळी उठून देवाचं नाव ऐकतात. मी तीन वर्षं आण्यांचे आकडे ऐकले.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे गाडी आल्यावर कळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. आमच्या गाडीनं येणाऱ्यांत पाटी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डोंगराकडची कोकणी-भिल्ल आदिवासी मंडळी सुरतेकडे मजुरीला जायची आणि परतताना गाठोडी, कोंबड्या, कुऱ्हाडी, पोरं असा सगळा संसार डब्यात कोंबून झोपून जायची. त्यांना जागं करायचं काम नानांचं. दिवे पुसणं, रुळांचे सांधे बदलणं, सामान उचलणं ही कामंही त्यांचीच, पण ती ते उरकून टाकायचे. पुकारणं मात्र उरकायचे नाहीत. इंजिनापासून चालायला लागायचे, एक हात कानामागे ठेवायचे आणि ‘खांऽऽ’ ला सुरुवात करायचे. ‘ड’ आणि ‘बा’ मधल्या डब्यांशी, आणि शेवटचा ‘राऽऽ’ गार्डच्या डब्यापाशी जाऊन संपायचा. मग माघारी वळून गार्डापासून इंजिनापर्यंत दुसऱ्यांदा. एका दमात इतकं लांब नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. डब्यातली माणसं डोळे न उघडताच गाठोड्याला हात घालायची.

दुपारच्या गाडीला मात्र नाना आणखी एकदा पुकारायचे. फलाटाच्या टोकाला जायचे, गाडीकडे चक्क पाठ करायचे, दोन्ही हातांचे तळवे तोंडाभोवती धरून टाचा उचलायचे आणि रुळांपलीकडच्या बाभळीच्या कुंपणाकडे तोंड करून ‘खांऽऽडबाराऽऽ’ अशी तिसरी हाक सोडायचे. त्या बाजूला ना डबा, ना उतारू. मी नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपणारा माणूस. मला हे खपेना. मी मास्तरांकडे, म्हणजे आमच्या स्टेशनमास्तरांकडे, विषय काढला. त्यांनी नानांना बोलावून विचारलं. नाना म्हणाले, “तिकडे बी मानसे ऱ्हातस, मास्तर.” मास्तर हसले आणि विषय तिथंच मिटला. मला ते आवडलं नाही.

आवाजाच्या काळजीपायी नानांनी काय काय सोडलं होतं! लोणचं, दही, चिंच, तळलेलं, सगळं बंद. विडी तर तरुणपणीच सुटलेली. इंजिन फलाटाला लागलं की धूर गळ्यात जाऊ नये म्हणून ते गळपट्टा नाकापर्यंत ओढायचे आणि इंजिन पुढे गेल्यावर सोडायचे. पुकारण्याआधी ज्येष्ठमध, पुकारल्यावर बाभळीच्या सालीच्या काढ्यानं गुळण्या, झोपताना हळदीचं दूध. हसायचे ते तोंड मिटून. पोट तेवढं गदगदायचं. शिंक आली तर नाक दाबून, डोळ्यांत पाणी आणून जिरवायचे. कुणाशी भांडणं तर सोडाच, एकदा एका हमालानं त्यांच्या पायावर पेटी आपटली तेव्हा त्यांनी फक्त दोन्ही हात वर करून आभाळाकडे पाहिलं.

आणि बोलणं. बोलणं त्यांनी जवळजवळ सोडलंच होतं. गाडीगाडीमधला सगळा वेळ खुणांचा. पाणी हवं तर अंगठा तोंडाकडे, मास्तर रागावलेत तर भुवया वर, साहेब येणार असेल तर डोक्यावर हात ठेवून टोपीचा आकार. घरीही हीच तऱ्हा, असं सगळे सांगत. नवरा-बायकोची वर्षानुवर्षं बोलाचाली नाही, अशी गावात बोलवा होती, आणि त्यांची बायको भागाबाई पाहिली की ती खरी वाटायची. बाई ताठ चालायची. दुपारची गाडी उभी असतानाच रुळांपलीकडच्या चाळीतून नानांची भाकर घेऊन यायची, दिव्यांच्या खोलीत ठेवायची आणि कुणी ‘काय भागामाय’ म्हटलं तरी मान न वळवता निघून जायची. मी तीनदा नमस्कार केला, तीनदाही फुकट गेला. चौथ्यांदा केला नाही. पोर्टरच्या बायकोला एवढा कसला माज, असं मी मनात म्हणालो, आणि तेवढ्यावर न थांबता मास्तरांच्या घरीही म्हणून आलो.

माझ्याशी नाना त्यातल्या त्यात बोलायचे, कारण मी तरुण आणि माझा गळा त्यांच्या मते वाया चालला होता. मी तारेच्या खोलीत बसून मोठ्यानं गाणी म्हणायचो. ते दारात येऊन उभे राहायचे, ओठांवर बोट ठेवायचे आणि हळूच सांगायचे, “दात गयात ते भाकर कुस्करी खाता येस, बाबू. गळा गया ते काय कुस्करशात?” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खो खो हसलो. शंभराव्यांदा ऐकलं तेव्हा नकळत हात गळ्याकडे गेला. पहिल्या वर्षाच्या अखेरीस माझ्याही टेबलाच्या खणात ज्येष्ठमधाची पुडी आली. आवंढा गिळताना काही टोचतं का, हे मी दिवसातून चार वेळा तपासायला लागलो. टोचायचंच. काळजी हा भलताच लागणीचा आजार आहे, आणि नानांनी तो मला बिनबोभाट दिला.

पहिल्या वर्षी चौदा आणे असलेला आवाज दुसऱ्या वर्षी बारावर आला. नाना सकाळी विहिरीपाशी जास्त वेळ थांबू लागले. एकदा आकडा सांगून झाल्यावर पुन्हा वाकून पुन्हा ऐकताना मी त्यांना पाहिलं. दुसऱ्यांदाही तोच निघाला. त्या दिवशी त्यांनी मलाही खुणेनंच सांगितलं, दोन्ही हात पूर्ण उघडून आणि मग दोन बोटं दाखवून. मी विचारलं, एवढं काय अडलंय? दीड वर्षानं नोकरी सुटेल, मग कुणाला पुकारायचंय? नानांनी गळपट्टा आवळला आणि ते दिवे पुसायला निघून गेले.

तिसऱ्या वर्षी होळी आली. आमच्याकडे होळीला डोंगरातला माणूस कुठंही असला तरी घरी येतोच. सुरतेकडची दुपारची गाडी आठवडाभर छपरापर्यंत भरून यायची. नाना त्या गर्दीवरून आवाज नेण्यासाठी जीव तोडून पुकारायचे. सोमवारी विहिरीनं दहा आणे सांगितले. मंगळवारी सहा. त्यातच त्यांना थंडीताप भरला. बुधवारी सकाळी मी पाहिलं, ते वाकले, तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि विहिरीतून काहीच परत आलं नाही. आत काही गेलंच नव्हतं.

ते वळले तेव्हा त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. मी त्यांना धरून फलाटावर आणलं.

मास्तरांनी त्यांना दिव्यांच्या खोलीत निजवलं आणि घोंगडी पांघरली. आज मी पुकारतो, असं मी जाहीर केलं. खोटं कशाला बोलू, मला जरा आनंदही झाला. शाळेत कविता खड्या आवाजात म्हणण्याबद्दल माझं नाव होतं. नाना घोंगडीतून हात बाहेर काढून मला खुणा करू लागले. आधी तीन बोटं दाखवली. मग दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले. मग दाराकडे हात केला. तीनदा पुकारा, हात तोंडाशी धरून पुकारा, आता जा. मला सगळं समजलं. मी त्यांना बाभळीच्या सालीचा काढा पाजला आणि तापाच्या ग्लानीत त्यांचा डोळा लागला.

गाडी आली. मी टोपी सारखी केली, तळवे तोंडाशी धरले आणि स्वच्छ, शुद्ध, एकेक अक्षर वेगळं उमटेल अशा आवाजात पुकारलं, “खांडबारा स्टेशन!” इंजिनाशी एकदा, मध्ये एकदा, गार्डपाशी एकदा.

एकही माणूस उतरला नाही.

खांडबाऱ्याला उतरणारी चाळीसेक माणसं आत होती. काही जागी होती आणि खिडकीतून माझ्याकडे कौतुकानं बघत होती. तिकिटं तपासायला साहेब आला असेल, असं समजून दोघातिघांनी तिकिटं बाहेर काढून दाखवली. मी पुन्हा ओरडलो. त्यांनी तिकिटं पुन्हा दाखवली. शिट्टी झाली, गाडी हलली, आणि एका म्हाताऱ्यानं खिडकीतून डोकं काढून मला अदबीनं विचारलं की खांडबारा यायला अजून किती वेळ आहे. मी गाडीबरोबर धावत सांगत होतो की हेच, हेच. तोवर तो पुढे गेला होता.

मी घामाघूम होऊन दिव्यांच्या खोलीत आलो तर नाना उठून बसलेले. त्यांनी बोट कोपऱ्याकडे केलं. तिथं भाकर ठेवायची फळी होती. फळी रिकामी होती. मी म्हटलं, भागामाय आज आल्या नाहीत. नानांनी पुन्हा तळवे तोंडाशी धरले, हात बाभळींकडे केला आणि भुवया उंचावल्या. मी म्हटलं, तिकडे नाही, मी तीनदा गाडीलाच पुकारलं.

त्या माणसाला धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. अंगात ताप, पाय अनवाणी, गळपट्टा मागे उडतोय, आणि तोंड मोठं उघडलेलं, पण आवाज नाही. मी मागे पळालो. रूळ ओलांडले, कुंपणापाशी पोचलो. कुंपणाला एक खिंडार होतं. त्या खिंडारात, भर उन्हात, मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन भागाबाई बसली होती. नाना तिच्यापुढे मटकन बसले आणि रडले. रडतानाही गळ्यातून हूं की चूं नाही.

बाईनं फडक्याचं टोक घेऊन त्यांचं कपाळ पुसलं.

मग त्या खिंडारात बसून नानांनी मला फुसफुसत सगळं सांगितलं. ऐकायला मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला. सहा वर्षांपूर्वी भागाबाईला मोठा ताप आला आणि त्यात तिचे कान जवळजवळ गेले. तरी ती भाकर आणायची सोडेना. एक दिवस भाकर घेऊन ती रूळ ओलांडत होती आणि वळणावरून मालगाडी आली. शिट्टी तिला ऐकू गेली नाही. ड्रायव्हरनं कशीबशी दहा हातांवर गाडी थांबवली. तेव्हा नानांनी तिला शपथ घातली: दुपारची गाडी स्टेशनात उभी राहिली की तिच्या मागची लाइन मोकळी असते, मी हाक देईन, हाक आली की रुळात पाय टाकायचा, एरवी नाही, जग बुडालं तरी नाही. “मन्हा आवाज तेवढा आयकू येस तिले,” नाना म्हणाले. “आवाज गया ते तिले कोन सांगी, बाबू?”

लोक तिला बहिरी म्हणून हाका मारतील, म्हणून त्यांनी सहा वर्षं ही गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती. आणि मी तिच्या माजाबद्दल मास्तरांच्या घरी बोलून आलो होतो. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दिवेलागणीला रुळांवरून माणसांची रांग येताना दिसली. चाळीस माणसं, गाठोडी, कोंबड्या, झोपलेली पोरं खांद्यावर. पुढच्या स्टेशनावर गार्डनं उतरवल्यावर मंडळी रुळानं चालत परत आली होती. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ नानांच्या अंगणात गेली. आज खांडबारा आलं नाही, म्हणजे पुकारणारा म्हातारा वारला, असा त्यांनी वाटेत अंदाज बांधला होता. नाना जिवंत दिसताच सगळी अंगणात बसली. एका म्हातारीनं पुढे होऊन त्यांचा गळा चाचपला आणि गाठोड्यातून काढून मधाची कुपी दिली. लायनीवर काम करणारा आमचा एक खलाशी त्यांची बोली जाणायचा. त्यानं विचारलं, बाबूंनी एवढं पुकारलं तरी उतरला का नाहीत? म्हातारीचं म्हणणं असं पडलं की बाबूंनी पुकारलं ते गाव त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

नानांचं पोट गदगदलं.

ताप चार दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ज्येष्ठमध घेऊन त्यांच्या घरी गेलो. नाना झोपले होते. भागाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिला माझा आवाज पोचावा म्हणून मी फलाटावरच्यासारखं ओरडून विचारलं, ताप उतरला का? तिनं सूप खाली ठेवलं, मला हातानं अंगणाच्या कडेला नेलं आणि मोठ्या आवाजात म्हणाली, “आरडू नका, बाबू. मले काहीच आयकू येस नही.”

मी तळवे तोंडाशी धरून स्टेशनाकडे बोट केलं. मग ती हाक?

“दोन वरीस व्हई गयात,” ती म्हणाली. “पह्यले येत व्हती थोडी थोडी, आते काहीच नही. मी खिंडारमाईन त्यासना हात दखस. हात तोंडले लागना का मी निंघस.” तिनं मागे वळून झोपलेल्या नानांकडे पाहिलं. “त्यासले सांगू नका. त्यासना जीव त्या आवाजमा शे.”

मी तिथंच उभा राहिलो. गुळण्या, काढे, सोडलेलं लोणचं, दाबलेल्या शिंका, विहिरीतले आणे, हे सगळं एका अशा हाकेसाठी, जी दोन वर्षं कुणी ऐकतच नव्हतं. आणि नानांना ते कळायला मार्गही नव्हता. आवाज वाचवायचा म्हणून घरात ते खुणांनीच बोलायचे, आणि खुणांना बाई चटचट उत्तर द्यायची. मला दोघांचीही माया आली आणि दोघांचाही राग आला. सांगून टाकावं, म्हाताऱ्याला निदान एकदा दही-भात खाऊ द्यावा, असं मनात आलं. मग मी भागाबाईकडे पाहून मान हलवली. सांगणार नाही.

त्यानंतर आम्ही कामाची वाटणी केली. गाडीच्या दोन हाका माझ्याकडे आल्या. रोज सकाळी विहिरीवर नाना मला शिकवायचे. मी आत तोंड घालून ‘खांऽऽ’ लांबवायचो आणि ते मान हलवून नापास करायचे. खड्या आवाजाचा माझा सगळा तोरा त्या विहिरीत बुडाला. सव्वा महिन्यानं एकदा दुपारच्या गाडीतली एक बाई माझ्या हाकेवर डोळे न उघडता गाठोडं ओढताना दिसली, तेव्हा पास झालो.

तिसरी हाक नानांची. त्या एका हाकेसाठी ते चोवीस तास गप्प राहायचे. आवाज परत आला होता, पण कुठं चार आणे, कुठं तीन. नोकरी सुटायला आठवडा उरला असताना एका दुपारी, माझ्या दोन हाका झाल्यावर, ते फलाटाच्या टोकाला गेले. गळपट्टा सोडला, टाचा उचलल्या, तळवे तोंडाशी धरले. मी दोन हातांवर उभा होतो. मला फक्त वारा बाहेर पडल्याचं ऐकू आलं.

कुंपणाच्या खिंडारातून हिरवं लुगडं बाहेर आलं. भागाबाईनं रुळात पाय टाकला, ताठ मानेनं पलीकडून अलीकडे आली आणि आमच्या समोरून दिव्यांच्या खोलीत गेली.

नाना माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. तळहातानं गळा धरून, ओठ हलवत, त्यांनी विचारलं, “तिनी आयकं, बाबू. किती आना व्हता?”

“सोळा आणे, नाना,” मी म्हणालो.

त्यांनी गळपट्टा पुन्हा नीट गुंडाळला आणि भाकर खायला गेले.